जमिनीतले स्फोटकांचे अंश एचपीएलसीवर कसे शोधावेत: नवख्या विश्लेषकासाठी

जुन्या चांदमारीच्या मैदानातली, दारूगोळा कारखान्याच्या आवारातली किंवा निकामी बॉम्ब नष्ट करण्याच्या जागेतली माती तपासायला आली, की नवख्या माणसाचं लक्ष थेट एचपीएलसीकडे, म्हणजे द्रवातली संयुगं वेगवेगळी करून मोजणाऱ्या यंत्राकडे जातं. कॉलम (संयुगं वेगळी करणारी नळी) कोणता लावू, तरंगलांबी किती ठेवू, मोबाइल फेज (त्या नळीतून वाहणारा द्रव) काय घेऊ? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण या कामातली सगळ्यात मोठी चूक यंत्राच्या खोलीत होत नाही. ती मैदानात होते, आणि नंतर पिशवीतून चमचाभर माती उचलताना होते. यंत्र कितीही चांगलं असलं तरी ही चूक ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणून हा लेख मातीपासून सुरू होतो आणि यंत्राकडे बराच उशिरा पोहोचतो.

इथली पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ८३३० या पद्धतीवर आणि तिच्या २००६ सालच्या ८३३०-बी या आवृत्तीवर आधारलेली आहे. जगभरातल्या अनेक प्रयोगशाळा याच घराण्यातली एखादी पद्धत वापरतात. तुमच्या प्रयोगशाळेची लिखित कार्यपद्धती वेगळी असेल तर काम तिच्याप्रमाणेच करा. इथे प्रत्येक पायरीमागचं कारण समजून घ्या.

आपण नेमकं काय शोधतो

शोधायची संयुगं ढोबळमानाने तीन कुळांतली असतात. पहिलं नायट्रोॲरोमॅटिक: टीएनटी, डीएनटीचे (डायनायट्रोटोल्युइनचे) प्रकार, टेट्रिल, नायट्रोबेंझीन, नायट्रोटोल्युइन. दुसरं नायट्रामाइन: आरडीएक्स आणि एचएमएक्स. तिसरं नायट्रेट एस्टर: नायट्रोग्लिसरीन आणि पीईटीएन. मूळ ८३३० मध्ये १४ संयुगं होती. ८३३०-बी मध्ये नायट्रोग्लिसरीन, पीईटीएन आणि ३,५-डायनायट्रोॲनिलीन धरून ती १७ झाली.

या यादीत काही नावं अशी आहेत जी कोणी बॉम्बमध्ये भरत नाही. ती का आहेत हे कळलं तर पुढे क्रोमॅटोग्राम (यंत्राचा आलेख, ज्यात प्रत्येक संयुगाचं शिखर दिसतं) वाचणं सोपं जातं. टीएनटी मातीत पडल्यावर टीएनटीच राहतो असं नाही. सूक्ष्मजीव त्याच्या एका नायट्रो गटाचं रूपांतर ॲमिनो गटात करतात आणि २-ॲमिनो-डीएनटी व ४-ॲमिनो-डीएनटी तयार होतात. सूर्यप्रकाशात त्यापासून १,३,५-ट्रायनायट्रोबेंझीन बनतं. म्हणजे वर्षानुवर्षं पडून असलेल्या जागेत टीएनटी कमी आणि ॲमिनो-डीएनटी जास्त दिसले, तर त्यात नवल नाही. उलट जुन्या जागेच्या ओल्या, जिवंत मातीत भरपूर टीएनटी आणि ॲमिनो-डीएनटीचा मागमूसही नाही असं दिसलं, तर मी तो निकाल पुन्हा तपासेन.

आरडीएक्सचा स्वभाव वेगळा आहे. तो पाण्यात टीएनटीपेक्षा कमी विरघळतो, पण मातीच्या कणांना फारसा धरून राहत नाही. त्यामुळे पावसाबरोबर खाली उतरतो आणि भूजलापर्यंत पोहोचतो. लोकांच्या पिण्याच्या पाण्याला धोका होतो तो बहुधा याच्यामुळे, आणि या विश्लेषणाचं खरं मोलही तिथेच आहे. लष्करी आरडीएक्समध्ये थोडा एचएमएक्स मूळचाच असतो, म्हणून हे दोघे अनेकदा जोडीने सापडतात.

आधी जिवाची काळजी

स्फोटकांची माती जिथून येते तिथे न फुटलेला दारूगोळाही असू शकतो. बॉम्बशोधक पथकाने जागा तपासून मोकळी केल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही, माती उकरणं तर दूरच. यात घाई, ओळख, "वरवरचीच माती घ्यायची आहे" अशी कोणतीही सबब चालत नाही.

प्रयोगशाळेतही एक आकडा डोक्यात पक्का ठेवा: वजनाने १० टक्के. मातीत दुय्यम स्फोटकांचं (टीएनटी, आरडीएक्स यांसारख्यांचं) एकूण प्रमाण यापेक्षा जास्त असेल तर ती माती स्वतःच स्फोटक मानायची. १० टक्के म्हणजे किलोमागे १,००,००० मिलिग्रॅम. अशी माती दळायची नाही, घासायची नाही, तापवायची नाही. पण प्रमाण आधी कळणार कसं? त्यासाठी दळण्याआधी रंगाची एक प्राथमिक परीक्षा असते. थोड्या मातीचा ॲसिटोनमध्ये अर्क काढतात आणि त्यात अल्कली घालतात. टीएनटी असेल तर लालसर रंग येतो, २,४-डीएनटी असेल तर निळसर जांभळा. आरडीएक्ससाठी जस्त आणि आम्ल वापरून आधी नायट्राइट मोकळं करतात, मग ग्रीस अभिक्रियेचा गुलाबी रंग पाहतात. मातीतल्या ह्युमिक (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या) पदार्थांचा पिवळेपणा या रंगांत मिसळतो, त्यामुळे परीक्षा अंदाजापुरतीच असते. मातीत डोळ्यांना दिसणारे स्फोटकाचे खडे असतील तर परीक्षेचीही वाट पाहू नका. नमुना बाजूला ठेवा आणि वरिष्ठांना सांगा.

प्रमाणित द्रावणं विरल स्वरूपातच विकत घ्या, साधारण मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅम या ताकदीची. शुद्ध घन स्फोटक प्रयोगशाळेत ठेवण्याचं काहीच कारण नाही. अर्क कधीही कोरडा होईपर्यंत आटवू नका. ॲसिटोनायट्राइल ज्वलनशील आहे आणि शरीरात गेल्यावर त्यापासून सायनाइड तयार होतं, म्हणून ते धुराड्याखालीच (फ्यूम हूडमध्ये), हातमोजे घालून हाताळायचं.

नमुना घेणं: खरं काम इथे आहे

पाण्यात विरघळलेलं रसायन जसं जमिनीत मुरतं तसं स्फोटक पसरत नाही. बॉम्ब पूर्ण फुटला तर अवशेष फारच थोडा उरतो. पण तो अर्धवट फुटला, म्हणजे कवच तुटलं आणि आतला ऐवज नीट पेटला नाही, तर धुळीच्या कणांपासून मुठीएवढ्या ढेकळांपर्यंत सगळ्या आकाराचे तुकडे विखुरतात. एका पावलाच्या अंतरावर घेतलेल्या दोन नमुन्यांत शंभरपट, हजारपट फरक येऊ शकतो. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

हे आकड्यांत पाहू. समजा एक किलो मातीत टीएनटीचा एकच कण आहे, एक मिलिग्रॅम वजनाचा. त्याचा व्यास साधारण एक मिलिमीटर भरतो. या मातीचं खरं सरासरी प्रमाण किलोला १ मिलिग्रॅम. आता न दळता त्यातून २ ग्रॅम माती उचलली, तर तो कण हाती लागण्याची शक्यता पाचशेत एक. लागला तर निकाल येतो किलोला ५०० मिलिग्रॅम. नाही लागला तर निकाल येतो शून्य. दोन्ही आकडे यंत्राच्या दृष्टीने अचूक, आणि दोन्ही साफ चुकीचे. एका उत्तरावरून निरोगी जमीन खणून काढली जाईल, दुसऱ्यावरून दूषित जमीन मोकळी सोडली जाईल.

यावरचा उपाय म्हणजे बहुअंशी नमुना. न्यू हॅम्पशरमधल्या हॅनोव्हर इथल्या अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेने चांदमारीच्या मैदानांवर वर्षानुवर्षं काम करून ही रीत पक्की केली, आणि ८३३०-बी मध्ये ती आली. आधी ठरवायचं की निर्णय नेमका कोणत्या तुकड्याबद्दल घ्यायचा आहे. मग त्या तुकड्यावर मनातल्या मनात जाळी आखायची, पहिल्या चौकटीत कुठेही एक जागा निवडायची आणि पुढच्या प्रत्येक चौकटीत त्याच जागेवरून माती घ्यायची. असे ३० ते १०० अंश एकाच पिशवीत गोळा करायचे. एकूण वजन किमान एक किलो हवं. दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीने अडीच सेंटिमीटर खोल गाभा काढला तर प्रत्येक अंश सुमारे १२ ग्रॅमचा होतो, आणि १०० अंशांचे सव्वा किलोच्या आसपास होतात.

खोली वरवरचीच ठेवायची, अडीच ते पाच सेंटिमीटर. स्फोटातून पडलेला अवशेष बहुतांश वरच्या थरातच असतो; खोल गाभा घेतला तर खालची स्वच्छ माती मिसळून प्रमाण उगाच पातळ होतं. जागा पुरली गेली असेल किंवा आरडीएक्स खाली उतरल्याचा संशय असेल, तर खोलीचा वेगळा विचार करावा लागतो.

एकाच तुकड्यावरून तीन स्वतंत्र बहुअंशी नमुने घ्या, प्रत्येक वेळी सुरुवातीची जागा बदलून. तिन्ही निकाल जवळ आले तरच सरासरीवर विश्वास ठेवता येतो. काही लोक खर्च वाचवायला हे तीन नमुने गाळतात. मला विचाराल तर प्रयोगशाळेतल्या चार तपासण्या कमी करा, पण हे तीन नमुने गाळू नका.

पिशव्या थंड, सुमारे ४ अंश सेल्सिअसला आणि अंधारात ठेवा. मातीचा अर्क १४ दिवसांच्या आत काढायचा असतो. काढलेला अर्क ४० दिवसांत यंत्रावर जायला हवा.

वाळवणं, चाळणं, दळणं

माती ट्रेमध्ये पातळ पसरून खोलीच्या तापमानाला वाळवा. उन्हात नाही आणि ओव्हनमध्ये तर नाहीच. नायट्रोटोल्युइनसारखी संयुगं उडून जातात, टेट्रिलचं उष्णतेने विघटन होतं आणि टीएनटी प्रकाशाने बदलतो.

मग २ मिलिमीटरची चाळणी. ढेकळं हाताने मोडा, पण गोटे फोडू नका. चाळणीवर राहिलेला भाग फेकण्याआधी नीट पाहा: त्यात स्फोटकाचा खडा असेल तर तो मातीचा कचरा नाही, तोच निकाल आहे. त्याची वेगळी नोंद करा.

रंगाच्या परीक्षेत सुरक्षित ठरलेली माती आता दळायची. कडी-चकतीच्या गिरणीत ती पिठासारखी, ७५ मायक्रोमीटरहून बारीक होते. तोफखान्याच्या जागेवरची माती असेल तर तिच्यात प्रणोदकाचे (गोळा पुढे ढकलणाऱ्या दारूचे) नायट्रोसेल्युलोजचे तंतू असतात आणि नायट्रोग्लिसरीन व डीएनटी त्यांतच अडकलेले असतात. हे तंतू चिवट, एका फेरीत तुटत नाहीत. म्हणून ६० सेकंदांच्या पाच फेऱ्या द्यायच्या आणि मधे गिरणी थंड होऊ द्यायची. सलग पाच मिनिटं चालवली तर भांडं तापतं आणि जे शोधायचं तेच नष्ट होतं. दोन नमुन्यांच्या मधे गिरणी धुवून स्वच्छ वाळू दळा आणि तिचाही अर्क काढा. आधीच्या नमुन्याचा अंश राहिला असेल तर तो इथे पकडला जातो.

दळलेली माती पुन्हा पातळ पसरा आणि तिच्या पूर्ण जाडीतून किमान ३० ठिकाणांहून थोडी थोडी घेऊन १० ग्रॅम भरा. पिशवीत चमचा घालून वरची माती काढली तर मैदानावरची सगळी मेहनत इथे वाया जाते.

अर्क

१० ग्रॅम मातीवर २० मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल घाला. त्याआधी सरोगेट म्हणून १,२-डायनायट्रोबेंझीनचं ठरावीक प्रमाण मातीत टाका. हे संयुग निसर्गात किंवा दारूगोळ्यात सहसा सापडत नाही, पण वागतं शोधायच्या संयुगांसारखंच. शेवटी ते किती परत मिळालं त्यावरून अर्क नीट निघाला की नाही हे कळतं.

कुपी बंद करून अल्ट्रासोनिक बाथमध्ये किंवा हलवणाऱ्या टेबलावर १८ तास ठेवायची. इतका वेळ का? जुन्या मातीत स्फोटक कणांच्या आत शिरून बसलेलं असतं, ते सावकाशच बाहेर येतं. बाथ मात्र सतत थंड ठेवावा लागतो, कारण अल्ट्रासोनिकने पाणी तापत जातं. तापमानाकडे दुर्लक्ष झालं तर पहिला बळी टेट्रिलचा जातो.

नंतर अर्धा तास स्थिर ठेवा. वरचा ५ मिलिलिटर अर्क काढून त्यात लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असलेलं तेवढंच पाणी मिसळा, हलवा, १५ मिनिटं थांबा. तरंगणारी बारीक चिकणमाती कॅल्शियममुळे गोळा होऊन खाली बसते. याचा दुसरा फायदा क्वचितच सांगितला जातो: शुद्ध ॲसिटोनायट्राइल १०० मायक्रोलिटर एवढं कॉलमवर टाकलं तर लवकर बाहेर येणारी शिखरं, विशेषतः एचएमएक्सचं, पसरतात आणि दुभंगतात. निम्मं पाणी मिसळल्यावर ती नीट उभी राहतात.

शेवटी ०.४५ मायक्रोमीटरच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा आणि सुरुवातीचे ३ मिलिलिटर फेकून द्या.

यंत्र

मूळ पद्धतीची मांडणी साधी आहे. सी-१८ कॉलम, २५ सेंटिमीटर लांब, ४.६ मिलिमीटर आतला व्यास, ५ मायक्रोमीटरचे कण. मोबाइल फेज मिथेनॉल आणि पाणी समसमान, प्रवाह मिनिटाला १.५ मिलिलिटर. डिटेक्टर २५४ नॅनोमीटरवर. या मांडणीत एचएमएक्स अडीच मिनिटांच्या आसपास, आरडीएक्स पावणेचारच्या सुमारास, टीएनटी साडेआठच्या आतबाहेर आणि ३-नायट्रोटोल्युइन चौदा मिनिटांनंतर येतो. तुमच्या कॉलमवर वेळा वेगळ्या असतील. बाहेर येण्याचा क्रम बहुतेक हाच राहतो.

नायट्रोग्लिसरीन आणि पीईटीएन यांत ॲरोमॅटिक कडं नाही, त्यामुळे २५४ ला ते जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी २१० नॅनोमीटर लागतात. पण तिथे मिथेनॉलही प्रकाश शोषायला लागतं आणि मातीतली इतर सेंद्रिय द्रव्यंही. पायारेषा डळमळते. डायोड ॲरे डिटेक्टर (एकाच वेळी अनेक तरंगलांबी मोजणारा) असेल तर दोन्ही तरंगलांबी एकदमच नोंदवा.

कॉलमचं तापमान ओव्हनने स्थिर ठेवा. खोलीचं तापमान दुपारी वाढलं की रिटेन्शन टाइम (संयुग कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) सरकतात, आणि जवळजवळच्या जोड्या एकमेकींत शिरतात. या जोड्या ओळखून ठेवा: २-ॲमिनो आणि ४-ॲमिनो-डीएनटी, तसंच २,४- आणि २,६-डीएनटी. सी-१८ वर यांच्यात पाव मिनिटाचंही अंतर नसतं.

कॅलिब्रेशनसाठी (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांनी यंत्राची मोजपट्टी आखायला) किमान पाच पातळ्या घ्या. प्रमाणित द्रावणं नमुन्यासारख्याच मिश्रणात, म्हणजे निम्मं ॲसिटोनायट्राइल आणि निम्मं कॅल्शियम क्लोराइडचं पाणी यात बनवा. मधल्या पातळीचं द्रावण सुरुवातीला, दर दहा नमुन्यांनंतर आणि शेवटी चालवा. ते २० टक्क्यांहून जास्त हललं तर त्यामधले नमुने पुन्हा चालवायचे.

शिखराला नाव देण्याआधी

टीएनटीच्या वेळेवर शिखर आलं म्हणजे टीएनटी सापडला असं नाही. मातीत यूव्ही शोषणारी असंख्य द्रव्यं असतात. म्हणून प्रत्येक धनात्मक निकाल दुसऱ्या, वेगळ्या स्वभावाच्या कॉलमवर पडताळायचा. परंपरेने सायनो कॉलम वापरतात, कारण तो क्रम जवळजवळ उलटवतो: सी-१८ वर सगळ्यांत आधी येणारा एचएमएक्स सायनोवर सगळ्यांत शेवटी येतो आणि आरडीएक्सही मागे जातो. दोन्ही कॉलमवर वेळ जुळली आणि प्रमाणही जवळपास सारखं आलं, तरच नाव लिहा. वेळ जुळते पण एका कॉलमवर आकडा दुप्पट येतो, तर तिथे दुसरं काहीतरी शिखराखाली लपलेलं आहे.

डायोड ॲरेचा वर्णपट मदत करतो, पण त्याच्यावर एकट्यावर भिस्त नको. डीएनटीच्या दोन प्रकारांचे वर्णपट इतके सारखे असतात की फक्त त्यावरून निवाडा करता येत नाही.

टेट्रिल असलेल्या नमुन्यात आणखी एक सापळा आहे. टेट्रिलचे विघटित अंश टीएनटीच्या शिखराला खांद्यासारखे चिकटतात. क्षेत्रफळ मोजलं तर टीएनटी फुगून दिसतो. अशा वेळी शिखराची उंची मोजावी.

एलसी-एमएस (कॉलमला जोडलेलं, रेणूंचा भार मोजणारं यंत्र) उपलब्ध असेल तर संशय लवकर फिटतो. आरडीएक्स आणि एचएमएक्स ऋण आयनीकरणात स्वतः आयन होण्यापेक्षा क्लोराइड, फॉर्मेट, ॲसिटेट यांच्याशी जोडी करतात. आरडीएक्सचा रेणूभार २२२, म्हणून क्लोराइडबरोबर तो २५७ आणि २५९ अशा दोन ठिकाणी दिसतो. क्लोरीनच्या दोन समस्थानिकांचं साधारण तीनास एक हे गुणोत्तरही तिथे जुळलं तर शंका उरत नाही.

हिशेब आणि अहवाल

यंत्राने टीएनटीचा आकडा लिटरला ०.३५ मिलिग्रॅम दिला असं धरा. अर्क निम्म्याने पातळ केला होता, म्हणून मूळ अर्कात ०.७० मिलिग्रॅम प्रतिलिटर. २० मिलिलिटरमध्ये झाले १४ मायक्रोग्रॅम. ते १० ग्रॅम मातीतून आले, म्हणजे ग्रॅमला १.४ मायक्रोग्रॅम, म्हणजेच किलोला १.४ मिलिग्रॅम. पातळ केल्याचा दुपटीचा गुणक विसरणं ही या हिशेबातली सर्वांत नेहमीची चूक आहे. कॅलिब्रेशनच्या वरच्या टोकाबाहेरचा आकडा कधीही रेष वाढवून काढू नका. अर्क पातळ करून पुन्हा चालवा.

एका गटात किमान एवढं असावं: स्वच्छ मातीचा ब्लँक (स्फोटक नसलेला तुलनेचा नमुना), ज्ञात प्रमाण मिसळलेली माती, आणि एकाच दळलेल्या नमुन्याचे तीन उपनमुने. या तिघांमधला सापेक्ष फरक २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर दोष बहुधा दळण्यात किंवा उपनमुना घेण्यात आहे. यंत्र उघडून बसण्याआधी गिरणीकडे पाहा.

काही सापडलं नाही तर "शून्य" लिहू नका. "अमुक मर्यादेखाली" असं लिहा आणि ती मर्यादा द्या. अहवालात फक्त आकडा पुरेसा नाही: किती अंश घेतले, किती खोलीवरून, माती दळली का, किती ग्रॅमचा अर्क काढला, पडताळणी कशावर केली, हे सगळं यायला हवं. न दळलेल्या २ ग्रॅम मातीचा आकडा आणि दळलेल्या बहुअंशी नमुन्याचा आकडा एकाच तक्त्यात शेजारी ठेवले, तर वाचणारा त्यांची तुलना करणारच, आणि ती तुलना खोटी असेल.

अहवाल स्वीकारला जाईपर्यंत उरलेली दळलेली माती थंड आणि अंधारात जपून ठेवा. वाद झाला तर नव्याने अर्क काढायला तीच कामी येते. ॲसिटोनायट्राइलचा कचरा वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात जमा करा. ज्या नमुन्यांत प्रमाण जास्त निघालं त्यांची उरलेली माती साध्या कचऱ्यात न टाकता, निकालाच्या प्रतीसह घातक कचरा हाताळणाऱ्यांच्या ताब्यात द्या. समोरचा माणूस काय उचलतोय हे त्याला उचलण्याआधी माहीत असलं पाहिजे.